निरोप्या दाराबाहेरच राहतो

दोन वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयात आरोग्य तपासणीचे शिबिर भरले होते. विद्यार्थ्यांना जरा धीर यावा म्हणून मीच आधी रांगेत जाऊन उभा राहिलो. डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला, हवा भरली, सोडली, आणि काही न बोलता पुन्हा भरली. दुसऱ्यांदा हवा भरतात तेव्हा समजावे की कुठेतरी पाणी मुरते आहे. माझा रक्तदाब निघाला 164/102. डोके दुखत नव्हते, चक्कर येत नव्हती, मी तर तीन जिने चढून शिकवत होतो. रक्तदाबाचे हेच वाईट आहे, तो दुखत नाही.

गोळी सुरू झाली. तिच्या नावाचा शेवट होता 'प्रिल'. आकडा खाली आला, पण तीन-चार आठवड्यांनी कोरडा खोकला लागला, आणि उष्मागतिकीच्या तासाला शिकवण्यापेक्षा खोकण्यातच अधिक वेळ जाऊ लागला. डॉक्टरांनी गोळी बदलली. नवीन गोळीच्या नावाचा शेवट होता 'सार्टन'. खोकला गेला, रक्तदाब मात्र ताब्यातच राहिला. वर्गातल्या एका मुलीने विचारले, "सर, दोन्ही गोळ्यांचे काम एकच, मग खोकला एकीनेच का?" मी भौतिकीचा माणूस. तिला म्हटले, शोधून सांगतो. शोधताना जे सापडले ते इतके मनोरंजक निघाले की ते तिच्यापुरते ठेवणे मला बरे वाटले नाही.

आधी थोडी भौतिकी

नळीतून वाहणाऱ्या द्रवाचा प्वाझयचा नियम तुम्ही पुढे शिकालच. प्वाझय हा फ्रेंच गृहस्थ पेशाने डॉक्टर होता. प्राण्यांच्या रोहिणीतील रक्ताचा दाब त्याने 1828 मध्ये पारा भरलेल्या वाकड्या नळीने मोजला, आणि बारीक नळ्यांतून द्रव कसा वाहतो याचा अभ्यास तो पुढे कित्येक वर्षे करीत राहिला. त्याला आढळले ते असे: दाब तोच ठेवला तर नळीतून दर सेकंदाला वाहणारे द्रव तिच्या त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असते. दुसऱ्या नव्हे, चौथ्या!

याचा अर्थ काय होतो ते पाहा. नळीची त्रिज्या फक्त 10 टक्क्यांनी कमी करा. 0.9 चा चौथा घात 0.656 येतो, म्हणजे प्रवाह एक-तृतीयांशाहून अधिक घटला. प्रवाह पूर्वीइतकाच हवा असेल तर दाब जवळजवळ दीडपट करावा लागेल. घरी सरबत पिताना सारख्या लांबीच्या दोन नळ्या घ्या, एक जाड आणि एक तिच्या निम्म्या जाडीची, आणि सारखाच जोर लावून ओढून पाहा. फरक बरोबर सोळा पट येणार नाही, पण ओठांना तो चांगलाच कळेल.

रक्त हे पाण्यासारखे साधे द्रव नाही आणि रोहिण्या काचेच्या नाहीत, त्यामुळे नियम शरीराला जसाच्या तसा लागू पडत नाही. परंतु मुद्दा यायला तो पुरेसा आहे. आपल्या बारीक रोहिण्यांच्या भिंतीत अनैच्छिक स्नायूंच्या पेशी कड्यासारख्या गुंडाळलेल्या असतात. त्या किंचित आवळल्या की दाब वाढतो, किंचित सैलावल्या की उतरतो. तेव्हा प्रश्न असा उरतो: या पेशींना 'आवळा' असे सांगते कोण, आणि कसे?

आठ मण्यांची माळ

सांगण्याची सुरुवात मूत्रपिंडापासून होते. मूत्रपिंडांत दिवसाकाठी सुमारे 180 लिटर द्रव रक्तातून गाळला जातो, आणि त्यातला बहुतेक सगळा परत घेतला जातो. गाळायचे म्हणजे दाब हवा. जखमेतून रक्त गेले, हगवणीने शरीरातले पाणी आणि मीठ गेले, दाब घसरला, की मूत्रपिंडाला ते लगेच जाणवते आणि तेथील काही खास पेशी रेनिन नावाचे एन्झाइम रक्तात सोडतात. स्टॉकहोम येथे टिगरस्टेट आणि त्याचा विद्यार्थी बेर्गमान यांनी 1898 मध्ये सशाच्या मूत्रपिंडाचा अर्क दुसऱ्या सशाला टोचला आणि त्याचा रक्तदाब चढलेला पाहिला. रेनिन हे नाव त्यांचेच. पुढे कित्येक वर्षे त्याची फारशी कुणी दखल घेतली नाही. 1934 मध्ये अमेरिकेत गोल्डब्लाट याने कुत्र्याच्या मूत्रपिंडाकडे जाणारी रोहिणी चिमट्याने अर्धवट दाबून धरली आणि त्याचा रक्तदाब वाढून तसाच राहतो असे दाखवले, तेव्हा कुठे लोक या जुन्या शोधाकडे वळले.

मौज अशी की रेनिन स्वतः रोहिण्या आवळत नाही. ते केवळ कात्री आहे. यकृत एक लांबलचक प्रथिन तयार करून रक्तात सोडत असते. त्याच्या टोकाचा दहा अमिनो आम्लांचा तुकडा रेनिन कापून काढते. हा तुकडाही निरुपयोगीच. तो वाहत फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांत पोचला की तेथे दुसरी कात्री, म्हणजे दुसरे एक एन्झाइम, त्याच्या शेपटाकडचे आणखी दोन मणी छाटते. उरते ती आठ अमिनो आम्लांची माळ. हेच ते रक्तदाब वाढवणारे संप्रेरक, अँजिओटेन्सिन-2. हा पदार्थ 1940 च्या सुमारास ब्वेनोस आयर्स आणि इंडियानापोलिस येथील दोन गटांना स्वतंत्रपणे सापडला. एकाने नाव दिले हायपरटेन्सिन, दुसऱ्याने अँजिओटोनिन. अठरा-एक वर्षे दोन्ही नावे चालली. शेवटी 1958 मध्ये दोघांनी निम्मे-निम्मे नाव घेऊन तडजोड केली. शास्त्रज्ञांची भांडणे अशीही मिटतात!

माळेतील आठव्या मण्याचे नाव मात्र लक्षात ठेवा: फेनिलॲलनीन. त्याच्याकडे आपल्याला परत यायचे आहे.

भिंत ओलांडायची कशी?

माळ वाहत वाहत स्नायूपेशीपाशी आली. आता पुढे? पेशीपटल म्हणजे मेदाचा दुपदरी थर. जाडी सुमारे 5 नॅनोमीटर. असे दोन लाख थर एकावर एक रचले तेव्हा कुठे एक मिलिमीटर भरेल. थर पातळ आहे पण तेलकट आहे, आणि आपली माळ पाण्यात रमणारी, विद्युतभार बाळगणारी. तेलातून पाणी पलीकडे जात नाही तशी तीही जात नाही. काही संप्रेरके मेदात विरघळतात, ती सरळ आत शिरतात. अँजिओटेन्सिनला ती सोय नाही.

जुन्या वाड्याचा भक्कम दरवाजा डोळ्यांपुढे आणा. निरोप घेऊन आलेला माणूस बाहेरची कडी वाजवतो. आवाज आत जातो, माणूस बाहेरच राहतो. आत एक जण दुसऱ्याला सांगतो, दुसरा तिसऱ्याला, आणि माजघरात चूल पेटते. निरोप्याने चूल पाहिलेलीही नसते. पेशीच्या बाबतीत नेमके असेच होते, आणि वाड्यातली ती कडी म्हणजे पटलात बसवलेले एक प्रथिन. त्याला ग्राही म्हणतात.

अँजिओटेन्सिनचा हा ग्राही 359 अमिनो आम्लांचा एकच धागा आहे. गोधडीत धावदोरा घालावा तसा हा धागा पटलातून आत-बाहेर असा सात वेळा ओवलेला असतो. सात ही विषम संख्या आहे, म्हणून धाग्याचे एक टोक बाहेर राहते आणि दुसरे आत. पटलातले सात तुकडे मळसूत्रासारखे वळलेले असून ते उभ्या खांबांप्रमाणे गोलाकार उभे असतात. त्यांच्या मधोमध, बाहेरच्या अंगाला, एक खळगा असतो. आठ मण्यांची माळ बसते ती या खळग्यात. सात खांबांच्या या घराण्यातील सुमारे आठशे प्रथिने माणसात आहेत. वास ओळखणारी त्यातलीच, ॲड्रेनॅलिनची हाक ऐकणारी त्यातलीच.

माळ खळग्यात बसली की ग्राहीचा आकार बदलतो. आकार बदलतो म्हणजे काय, हे मला समजायला वेळ लागला, म्हणून येथे जरा थांबतो. पुस्तकांतल्या चित्रांवरून वाटते की प्रथिन हे लाकडी खेळण्यासारखे ताठ असते आणि संप्रेरक येऊन त्याची कळ दाबते. वस्तुतः शरीराच्या उष्णतेने प्रत्येक रेणू सतत थरथरत असतो. एका परातीला दोन-तीन खोलगट पोचे पडले आहेत, त्यात एक गोटी ठेवली आहे, आणि कुणीतरी परात सारखी हलवते आहे अशी कल्पना करा. गोटी कधी या पोच्यात, कधी त्या पोच्यात. पण सर्वात खोल पोच्यात ती अधिक वेळ सापडेल. ग्राहीचेही असेच असते. त्याचे अनेक आकार संभवतात आणि तो त्यांच्यात हेलकावत असतो. संप्रेरक बसले म्हणजे परातीचा एक पोचा अधिक खोल होतो, इतकेच. ग्राही मग बहुतेक वेळ त्या आकारात राहतो. या आकारात सहावा खांब आतल्या बाजूला बाहेरच्या दिशेने सरकतो आणि पेशीच्या आतून ग्राहीच्या तळाशी एक पोकळी उघडते. बाहेर माळ बसली, आत दार उघडले. पटलातून पलीकडे गेला तो रेणू नव्हे, आकारातला बदल गेला.

जिन्यातला दिवा

त्या उघडलेल्या पोकळीत पेशीतले एक प्रथिन आपले टोक खुपसते. हे जी-प्रथिन. ते तीन भागांचे असते आणि त्याच्या मोठ्या भागाने जीडीपी नावाचा एक लहान रेणू मुठीत धरून ठेवलेला असतो. जोवर जीडीपी मुठीत आहे तोवर जी-प्रथिन झोपलेले. ग्राहीच्या पोकळीत टोक शिरले की मूठ सैल होते, जीडीपी गळून पडतो, आणि पेशीत विपुल असलेला जीटीपी त्या रिकाम्या मुठीत येऊन बसतो. दोघांत फरक एका फॉस्फेटचा. पण त्या एका फॉस्फेटने मोठ्या भागाचा आकार बदलतो, तो आपल्या दोन जोडीदारांपासून सुटतो आणि पटलाच्या आतल्या अंगाने सरकत निघतो.

काही इमारतींत जिन्यातले दिवे बटण दाबल्यावर ठरावीक वेळ जळून आपोआप विझतात. जी-प्रथिन हे तसेच बटण आहे. जीटीपीचे तिसरे फॉस्फेट ते स्वतःच तोडते, पुन्हा जीडीपी होतो, आणि प्रथिन पुन्हा झोपते. एक ग्राही मात्र जागा असेपर्यंत एकामागून एक अशी अनेक जी-प्रथिने जागी करू शकतो. कडी एकदाच वाजली, पण वाड्यातले कितीतरी लोक उठले! जी-प्रथिनांच्या शोधाबद्दल गिलमन आणि रॉडबेल यांना 1994 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

जी-प्रथिनाचा सुटलेला भाग गाठतो तो फॉस्फोलायपेज-सी या एन्झाइमला. हे पुन्हा एक कात्री. पटलाच्या आतल्या पदरात एक विशिष्ट मेद असतो, त्याचे ही कात्री दोन तुकडे करते. एक तुकडा तेलकट, तो पटलातच राहतो. दुसरा पाण्यात विरघळणारा, तो पेशीच्या आत सुटतो. त्याचे लांबलचक नाव बाजूला ठेवू. शास्त्रज्ञही त्याला आयपी-3 असेच म्हणतात. आणि एक गंमत सांगतो. जीटीपी तोडण्याचे काम जी-प्रथिन एकटे सावकाश करते; फॉस्फोलायपेज-सी त्याला भेटले की ते काम झपाट्याने होते. म्हणजे ज्याला निरोप मिळाला तोच निरोप देणाऱ्याचा दिवा विझवतो. त्यामुळे संदेश नेमका तेवढाच राहतो, रेंगाळत नाही.

आयपी-3 जातो आंतर्द्रव्यजालिकेकडे. शाळेच्या पुस्तकात पेशीच्या आकृतीत तुम्ही ही जाळी काढली असेल. स्नायूपेशीत ती कॅल्शियमचे कोठार असते. पेशीद्रव्यात कॅल्शियमचे आयन इतके कमी ठेवलेले असतात की पेशीबाहेर त्यांचे प्रमाण आतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट असते. हा फरक राखण्यासाठी पेशीचे पंप रात्रंदिवस चालू असतात. एवढा खर्च कशासाठी? तर धरण भरलेले असेल तरच दरवाजा उघडल्यावर पाण्याचा लोंढा येतो. आयपी-3 कोठाराच्या दरवाजाला चिकटला की दरवाजा उघडतो आणि कॅल्शियम पेशीद्रव्यात धावते. केंब्रिजच्या मायकेल बेरिज यांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर 1983 मध्ये हे दाखवून दिले.

पुढचे भराभर सांगतो. कॅल्शियमचे चार आयन कॅल्मोड्युलिन नावाच्या प्रथिनाला चिकटतात. कॅल्मोड्युलिन दोन्ही हातांनी खांब कवटाळावा तसे एका एन्झाइमचा एक भाग कवटाळते. ते एन्झाइम जागे होऊन मायोसिन या स्नायूतंतूच्या प्रथिनावर फॉस्फेट चढवते. मायोसिन शेजारच्या ॲक्टिनच्या धाग्याला पकडून ओढू लागते. पेशी आखडते. कडे आवळले जाते. त्रिज्या किंचित घटते, आणि बाकीचे काम प्वाझयचा चौथा घात करतो.

थांब म्हणणारा

येथपर्यंत गोष्ट पूर्ण झाली असे वाटेल. पण बाहेर माळ बसलेलीच आहे, ग्राही उघडाच आहे, तो नवनवीन जी-प्रथिने जागी करीतच राहील. रक्तातील अँजिओटेन्सिनची निम्मी संख्या साधारण मिनिटभरात नष्ट होते हे खरे, पण मूत्रपिंड नवे करायला लावत असेल तर काय? कडी वाजतच राहिली तर घरातल्यांनी काय करावे? कडीच काढून घ्यावी.

पेशी तेच करते. फार वेळ उघड्या राहिलेल्या ग्राहीच्या आतल्या शेपटावर काही एन्झाइमे फॉस्फेट चढवतात. ती खूण पाहून अरेस्टिन नावाचे प्रथिन येते, शेपटाला धरते, आणि ज्या पोकळीत जी-प्रथिन टोक खुपसत होते तिच्यातच आपले टोक घालते. जागा अडली. जी-प्रथिनाला आता शिरता येत नाही. मग पटलाचा तेवढा भाग फुगा होऊन आत ओढला जातो आणि ग्राही पृष्ठभागावरून नाहीसा होतो. या प्रथिनाचा एक भाऊबंद तुमच्या डोळ्यांत आहे. प्रकाश टिपणारी डोळ्यातील प्रथिनेही सात खांबांचीच, आणि अरेस्टिन पहिल्यांदा सापडले ते तेथेच. हे पान वाचताना प्रत्येक क्षणी ते तेथे 'थांब' म्हणण्याचेच काम करते आहे.

पण अरेस्टिन नुसते थांबवत नाही, असे पुढे दिसून आले. ग्राहीला धरलेल्या अवस्थेत ते इतर काही प्रथिनांना आपल्याभोवती गोळा करते आणि पेशीच्या वाढीशी, तग धरण्याशी संबंध असलेले वेगळे, सावकाश चालणारे संदेश सुरू करते. ड्यूक विद्यापीठातील रॉबर्ट लेफ्कोविट्झ यांच्या गटाने या कामात मोठा वाटा उचलला. सात खांबांच्या ग्राहींवरील संशोधनाबद्दल त्यांना आणि ब्रायन कोबिल्का यांना 2012 चे नोबेल मिळाले. जी-प्रथिनाची मदत नसताना अरेस्टिन एकटे किती करू शकते यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे.

आठवा मणी

आता तो आठवा मणी. त्याच्या जागी दुसरे, लहान अमिनो आम्ल घातले तर माळ खळग्यात बसते, पण रक्तदाब वाढवत नाही, हे 1970 च्या दशकातच ठाऊक होते. अशी एक माळ, सॅरलॅसिन नावाची, तेव्हा औषध म्हणून वापरूनही पाहिली होती. पुढे 2003 च्या सुमारास असे दिसले की चौथा आणि आठवा मणी बदललेली एक माळ ग्राहीवर बसल्यावर जी-प्रथिनाला जागे करीत नाही, पण अरेस्टिनला मात्र बोलावते! कडी तीच, दार तेच. पण वाजवण्याच्या तऱ्हेवरून घरातला वेगळाच माणूस उठतो.

हे कसे घडत असेल? उत्तरासाठी ग्राहीचे चित्र हवे होते. प्रथिनाचा स्फटिक करून त्यावर क्ष-किरण टाकणे ही जुनी रीत, परंतु पटलातल्या या प्रथिनांचे स्फटिक अगदी बारीक होतात आणि क्ष-किरणांनी लवकर जळतात. 2015 मध्ये कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड येथील क्ष-किरण लेसर वापरून एका गटाने ते साधले. हा लेसर तेव्हा सेकंदाला 120 झोत सोडत असे, आणि एकेक झोत काही डझन फेमटोसेकंदांचा असे. फेमटोसेकंद म्हणजे एका सेकंदाचे दहा लाख भाग करून त्यातल्या एका भागाचे पुन्हा शंभर कोटी भाग करावेत, त्यातला एक. स्फटिक झोताने नष्ट होतोच, पण तो नष्ट होण्याआधी त्याचे चित्र उमटून गेलेले असते. हे वाचून भौतिकीच्या माणसाची छाती फुगली नाही तरच नवल.

हे चित्र मिटलेल्या ग्राहीचे होते. उघडलेल्या ग्राहीची चित्रे 2019 आणि 2020 मध्ये आली. त्याच सुमारास दुसरी एक युक्तीही केली गेली. ग्राहीच्या दोन खांबांवर एकेक एकांडा इलेक्ट्रॉन असलेले रेणू जोडले आणि त्या दोन इलेक्ट्रॉनांच्या चुंबकत्वाचा एकमेकांवरील परिणाम मोजून खांबांतले अंतर काढले. त्यातून दिसले की आपल्या परातीला 'बंद' आणि 'चालू' असे दोनच पोचे नाहीत. खरी माळ बसली की तिचा आठवा मणी, तो धिप्पाड फेनिलॲलनीन, खळग्याच्या तळाशी खोल रेटतो आणि ग्राही जी-प्रथिनाला हवा तसा पुरता उघडतो. आठवा मणी लहान असला की तो रेटा मिळत नाही. ग्राही दुसऱ्याच आकारात अधिक वेळ राहतो, आणि तो आकार अरेस्टिनला चालतो, जी-प्रथिनाला नाही.

साहजिकच औषध करणाऱ्यांना आशा वाटली. रोहिण्या आवळणार नाहीत, पण अरेस्टिनमार्फत हृदयाला आधार मिळेल अशी माळ का करू नये? तशी केलीही. हृदय अचानक दुबळे पडलेल्या सहाशेवर रुग्णांत तिची चाचणी झाली. 2017 मध्ये निकाल आला: औषध नसलेल्या सलाइनपेक्षा काही फायदा दिसला नाही. परातीतले पोचे ओळखता आले म्हणून रुग्ण बरा होतोच असे नाही. प्रयत्न अर्थातच थांबलेले नाहीत.

आणि माझा खोकला

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे. 'सार्टन' घराण्यातील गोळी ग्राहीच्या त्याच खळग्यात जाऊन बसते, पण पोचा खोल करते तो मिटलेल्या आकाराचा. जागा अडलेली, दार बंद. अमेरिकेत यातील पहिली गोळी, लोसार्टन, 1995 मध्ये बाजारात आली.

'प्रिल' घराण्यातील गोळी ग्राहीपर्यंत जातच नाही. ती फुप्फुसांतली कात्री अडवते, त्यामुळे आठ मण्यांची माळ तयारच होत नाही. हे घराणे निघाले एका सापाच्या विषातून. ब्राझीलमधील जराराका हा विषारी साप चावला की माणसाचा रक्तदाब कोसळतो. रक्तवाहिन्या सैल करणारा ब्रॅडिकिनिन नावाचा पदार्थ आपल्या शरीरात असतो. त्याचा परिणाम लांबवणारे काही तरी या विषात आहे, असे तेथील सर्जिओ फेरेरा यांना 1965 च्या सुमारास आढळले. पुढे कळले की विषातला पदार्थ त्या कात्रीलाच बांधून ठेवतो. कारण कात्री एक आणि कामे दोन: अँजिओटेन्सिन घडवणे आणि ब्रॅडिकिनिन तोडणे. विषातली ती माळ तोंडाने घेतली तर पोटात पचून जाते. म्हणून तिच्या नमुन्यावर अमेरिकेत कुशमन आणि ओंडेट्टी यांनी पचून न जाणारा एक लहान रेणू रचला. तो कॅप्टोप्रिल. 1981 मध्ये त्याला तेथे मान्यता मिळाली.

खोकल्याचे उत्तर यातच आहे. कात्री अडवली की ब्रॅडिकिनिन तोडलेच जात नाही. ते साचते आणि काही जणांच्या श्वासमार्गातील चेतांना चाळवते. सगळ्यांना हा त्रास होत नाही, मला झाला. सार्टनची गोळी कात्रीला हात लावत नाही, म्हणून माझा खोकला गेला.

मी हे सगळे वर्गात फळ्यावर काढून सांगितले. त्या मुलीने ऐकून घेतले आणि म्हणाली, "मग सर, गोळी घेतल्यावर मूत्रपिंडाला निरोप पोचला की नाही हे कसे कळते?" कळत नाही, हेच खरे. आठ मण्यांची माळ स्वतःच मूत्रपिंडाला 'आता रेनिन पुरे' असे सांगत असते, आणि तेही याच ग्राहीच्या मार्फत. ग्राही अडला की तो निरोप पोचत नाही, आणि सार्टन घेणाऱ्या माणसाच्या रक्तात रेनिन आणि अँजिओटेन्सिन-2 दोन्ही वाढतात. माझ्याही रक्तात आज ती माळ पूर्वीपेक्षा अधिक असणार. कडीपाशी येऊन रिकाम्या हाताने परत जात असणार. घरी आजी-आजोबांपैकी कुणाला रक्तदाबाची गोळी असेल, तर तिचे पाकीट मागून घ्या आणि औषधाच्या नावाची शेवटची दोन-तीन अक्षरे वाचा. 'प्रिल' असेल तर एवढेच विचारा, खोकला येतो का?